ढाल देवापाशी

सडक ही भित्र्या माणसांसाठी बांधलेली असते, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत शोधून एकच सापडेल, आणि नेमकी त्यालाच आम्ही आमची बहीण दिली. आमचे दाजी कुंडलचे. पलटणीत ते डिस्पॅच रायडर होते, म्हणजे मोटरसायकलवरून लष्कराचं टपाल पोचवायचं काम. एकाहत्तरची लढाई झाली, दाजी पेन्शन घेऊन घरी आले, आणि येताना लष्करानं लिलावात काढलेली एक हिरवी मोटरसायकल घेऊन आले. आक्काला वाटलं होतं, नवरा कायमचा घरी आला. तसं काही झालं नाही. नवरा मोटरसायकलवरच राहिला, जेवायला तेवढा घरी यायचा.

कुंडलहून पलूसला चांगली सडक आहे. साऱ्या गावाला ती पुरते, दाजींना पुरायची नाही. ते ओढ्यात उतरायचे, उसाच्या सरीतून गाडी काढायचे, पाटाच्या काठानं एका चाकाची जागा असेल तिथून दोन्ही चाकं न्यायचे. चहाची पुडी आणायला गेलेला हा गृहस्थ गुडघाभर चिखल घेऊन परत यायचा आणि पुडी आणायची राहिलेली असायची. आक्का कपाळाला हात लावायची. मी पलूसच्या शाळेत मास्तर, नात्यानं धाकटा मेव्हणा, त्यामुळे मागच्या सीटवर माझा मान ठरलेला. मी एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, सरकारनं एवढा खर्च करून सडक केलीय, तिच्यावरनं जाऊ की." दाजी म्हणाले, "मास्तर, सडकंवरनं म्हशी बी जात्यात. त्यात काय मर्दुमकी?" माझी कंबर तेव्हापासून अधू आहे.

गाडीचा आवाज ऐकायची त्यांची तऱ्हाही निराळी. लाकडाची एक काठी इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून बसायचं. पुढं पुढं हे वेड इतकं वाढलं, की बांधावरून चालता चालता ते शेजाऱ्याच्या डिझेल पंपाकडे बोट करून, "चार दिसांत बसंल बघा ह्यो," असं सांगायचे आणि पंप खरंच बसायचा. लोक म्हणायला लागले, ह्यांच्या जिभेवर काळा तीळ आहे. तेलाच्या बाबतीत तर सोवळं. डब्यातलं नवंकोरं तेलसुद्धा आक्काच्या धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यातून गाळल्याशिवाय इंजिनात जायचं नाही. देवाच्या तीर्थाला एवढी चाळणी नव्हती आमच्याकडे.

पण सगळ्यांत मोठा नेम म्हणजे गाडी ढकलायची नाही. "डिस्पॅचवाल्याची गाडी बंद पडत न्हाई, आन पडली तर दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाई," हे त्यांचं ब्रीद. एकदा पलूसच्या भर बाजारात गाडी बंद पडली. चार ओळखीचे धावत आले, "दाजी, धक्का मारू का?" दाजी सीटवर ताठ. म्हणाले, "काय न्हाई, दम खाती हाय." आणि खिशातून पेरू काढून खात बसले. एक झाला, दुसरा झाला. बाजार उठला, पालं गुंडाळली गेली, तेव्हा कुठं आडोशाला जाऊन त्यांनी प्लग साफ केला. मी तोवर ओळख न दाखवता दूर कापडाच्या दुकानात उभा होतो, हे इथं कबूल करतो.

आता ढालीचं सांगतो. खडकाळ वाटेनं जाताना दगड लागून इंजिनाच्या खालचं तेलाचं चेंबर फुटू नये, म्हणून दाजींनी गुऱ्हाळातल्या फुटक्या काहिलीचा तळ कापून त्याचा जाड पत्रा केला होता आणि तो गाडीच्या पोटाखाली बोल्टांनी आवळला होता. ही त्यांची ढाल. खंडेनवमीला घराघरांत विळे, कोयते, कुऱ्हाडी घटापुढं मांडतात, तशी एका वर्षी दाजींनी गाडीखालची ढाल सोडवली, राखेनं घासली आणि कुंकू लावून देवापाशी ठेवली. मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी शिलंगण होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. इथपर्यंत ठीक होतं. पण दसऱ्याला सकाळीच दाजींना पाटणच्या वर डोंगरात जायचं होतं.

त्याचं कारण धोंडी. धोंडी हा दाजींचा पलटणीतला जोडीदार, तोही डिस्पॅच रायडर, आणि दाजींच्या मते दोघांत चांगला तोच. लढाईत सुरुंगावर त्याचा उजवा पाय मांडीपासून गेला. त्याची वाडी डोंगरात, तिथं बैलगाडीची वाटसुद्धा धड नाही. इस्पितळातून त्याला चौघांनी डोलीतून वर नेला, तो वरच राहिला. दोन वर्षं वाडीची शीव त्यानं ओलांडली नव्हती. डोलीत बसायला तो तयार नव्हता, म्हणायचा, मेल्यावर न्या. त्याला दाजींनी कार्ड धाडलं होतं, "दसऱ्याला गाडी घेऊन येतो. शिलंगणाला तुला शिवेबाहेर काढतो." धोंडीनं ते कार्ड साऱ्या वाडीला वाचून दाखवलं होतं. वाडी हसली होती. इथं घोडं चढत नाही, फटफटी कशी चढणार?

निघताना आक्का स्वतः म्हणाली, "आवं, ढाल लावून घ्या. देवी काय रागवायची न्हाई." दाजींनी नकारार्थी मान हलवली. मीही माझी अक्कल पाजळली, "दाजी, गाडी चालते आणि पत्रा चालत नाही, हा कुठला न्याय?" दाजी शांतपणे म्हणाले, "गाडी घोडा हाय मास्तर. शिलंगणाला घोडा न्यायाचाच आसतोय. ढाल हत्यार हाय, ती देवापाशी." हँडलला झेंडूची माळ, माझ्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी, असे आम्ही निघालो.

पाटणपर्यंत सडक होती म्हणून दाजी जरा उदास होते. सडक संपली आणि त्यांचा चेहरा खुलला. पाऊस नुकताच उघडलेला, तांबडी माती निसरडी, वाट म्हणजे पाण्यानं खरवडलेली घळ. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी त्यांना चालवताना पाहिलं तसं पुन्हा कुणालाच पाहिलं नाही. उभं राहून, गुडघ्यात गाडी धरून, ते दगडादगडाला विचारून वर चढत होते. मी भ्यायचंच विसरलो. निम्मा डोंगर चढलो आणि एका ओहोळात गाडीच्या पोटाखाली खण्ण झालं.

दाजींनी तत्क्षणी इंजिन बंद केलं आणि पालथे पडून खाली बघितलं. चेंबरला बोटभर चीर पडली होती आणि फडक्यातून गाळलेलं ते तेल ओहोळात चाललं होतं. मी वाट बघत होतो, दाजी आता काहीतरी सांगतील. त्यांनी चिरेला अंगठा लावून धरला. मग म्हणाले, "मास्तर, साबण."

मी कुठंही गेलो तरी स्वतःचा अंगाचा साबण नेतो, ही माझी जुनी खोड. ती वडी दाजींनी मळून चिरेत भरली, वरून माझं दसऱ्याचं नवं उपरणं फाडून आवळून बांधलं. "आता वाडीत जावा. मिळंल त्ये तेल आना."

मी धापा टाकत वर पोचलो, तर शिवेच्या आत, पहिल्या घरापाशी धोंडी कुबडी घेऊन उभाच होता. पलटणीचा कोट अंगात, दाढी केलेली. मागं सारी वाडी. "गाडी कुठं हाय?" त्यानं विचारलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खाली. दम खाती आहे." लोक फिदीफिदी हसले. धोंडी हसला नाही. मी तेल मागितलं तेव्हा त्यानं ओळखलं. "चेंबर फुटलं व्हय?" बायकांनी सणाच्या तळणीचं तेल पळी पळी दिलं, कुणी कारळ्याचं, कुणी शेंगदाण्याचं, एका म्हातारीनं गुडघ्याला लावायचं एरंडेल. कळशी भरली. धोंडीनं मला बाजूला घेतलं. "मास्तर, त्याला म्हनावं मागारी जा. ह्या तेलावर इंजिन ऱ्हायाचं न्हाई. माजं काय, मी हितं बराय."

मी जसाच्या तसा निरोप सांगितला. दाजी कळशी ओतत होते. गाळायला फडकंसुद्धा मागितलं नाही. "धोंडीनं वाडीला सांगितलंय का गाडी येनार?"

"सांगितलंय."

"मग येनार."

गाडी आली. भज्यांचा वास सोडत, पांढऱ्या धुरात, खोकत आली. वाडीतल्या ढोलवाल्यानं टिपरू उचललं, आणि धोंडीच्या पुढ्यात दहा पावलांवर इंजिनात काहीतरी करकरलं आणि पिस्टन जागच्या जागी जाम झाला. दाजींनी किकवर उभं राहून जोर केला. किक हलली नाही. धूर विरला. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "धोंड्या, तुजी गाडी मेली की रं."

धोंडीनं खाली बघितलं. मला तेव्हा आपट्याची पिशवी कुठं ठेवावी कळेना. बाजारात पेरू खात बसणारे दाजी आता काय करणार? दाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग धोंडीपुढं टाचा जुळवून उभे राहिले.

"गड्या, बस."

"मागं बसून काय करू? बंद हाय न्हवं?"

"मागं कशाला? म्होरं बस. गेर उजव्या पायाचा, किक उजव्या पायाची. बंद गाडीला दोनी लागत न्हाईत. बिरेक डाव्या पायाचा हाय. तुजा डावा पाय हाय की रं!"

धोंडी कुबडी टेकत गाडीपाशी आला आणि त्यानं हँडल धरलं. दाजी वाडीकडे वळले आणि ज्या माणसानं जन्मात कुणाचा हात गाडीला लागू दिला नव्हता, तो भर गर्दीत ओरडला, "दोर आना! मागनं धरा सगळ्यांनी! उताराला इंजिन कशाला लागतंय?"

गेर काढून गाडीचं तोंड उताराकडे वळवलं, आणि मग जे शिलंगण झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मागं दोर धरून वीस-पंचवीस गडी, बाजूला ढोल, एका हातात धोंडीची कुबडी आणि दुसऱ्या हातानं सीट धरलेले दाजी, आणि हँडलवर धोंडी. शीव आली, ओलांडली. लोक थांबले, त्यांचं शिलंगण झालं होतं. धोंडी थांबेना. "सोडा रं दोर!" म्हणून ओरडला. दाजी म्हणाले, "सोडा." तो सुटला. निसरड्या मातीवरून, दगड चुकवत, एका पायानं तोल सावरत, घळीतून असा खाली गेला की म्हातारा तोंडात बोट घालून उभा राहिला. आम्ही पळत खाली पोचलो तेव्हा तो ओहोळाच्या अलीकडे गाडी उभी करून तिच्यावर ताठ बसला होता आणि ढसाढसा रडत होता. दाजींनी त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखा ऱ्हा." दोघांनी गळामिठी घातली, आणि ही माणसं माझी आहेत या अभिमानानं माझी छाती फुगली. मीही रडलो, मास्तर असलो म्हणून काय झालं?

त्या इंजिनाला पुढं कऱ्हाडात नवं चेंबर, नवा पिस्टन पडला. गाडी पुन्हा चालली, पण दाजी काठी कानाला लावून म्हणायचे, पहिला आवाज गेला. ढाल मात्र त्यांनी पुन्हा कधी लावली नाही. ती देवघरातच राहिली. आता धोंडी नाही, त्याच्या वाडीला डांबरी सडक झाली आहे, आणि दाजींच्या गुडघ्यांना किक झेपत नाही. गेल्या खंडेनवमीला मी त्या पत्र्याला कुंकू लावताना म्हणालो, "दाजी, त्या दिवशी ही लावली असती तर इंजिन वाचलं असतं."

दाजींनी ढालीवर सांडलेलं कुंकू बोटानं सारखं केलं.

"वाचलं आसतं की," ते म्हणाले. "आन धोंडी मागं बसला आसता."

मग ते उठले, दारातल्या गाडीपाशी गेले आणि सवयीनं काठीचं टोक बंद इंजिनाला टेकवून, दुसरं कानाला लावून, डोळे मिटून उभे राहिले.