कालच पाहिले, पाच होते!

दुकानात माल साचला की सेल लावून उडवता येतो. किस्से साचले की मात्र माणूस स्वतःच गिऱ्हाईक शोधत फिरतो, तेही फुकट! चार हंगामांत माझ्याकडे इतके साचलेत, की हल्ली वर चहा पाजून ऐकवतो.

बोर्ली पंचतनला माझं हार्डवेअरचं दुकान. नळाच्या तोट्या विकणाऱ्या माणसाने दिवेआगरच्या किनाऱ्यावर चार कयाक का आणून ठेवल्या, हे बायको अजून विचारते. पाण्यातली अक्कल सगळी कोळीवाड्यातल्या धर्माची. निम्मं आयुष्य त्याने जाळी ओढली. माझ्याकडे फक्त जीभ. बोर्डही मीच रंगवून घेतला: ‘चला, डॉल्फिनच्या भेटीला!’

अडचण एकच. मी स्वतः डॉल्फिन कधी पाहिलाच नव्हता! सगळ्यांना दिसायचे. मी डावीकडे बघावं, तर ते उजवीकडे. पण कुणी विचारलं, "दिसतील ना हो?" की माझं उत्तर ठरलेलं. "कालच पाहिले! पाच होते!"

धर्मा तेव्हा खाली वाळूकडे बघायचा. एकदा म्हणाला, "शेठ, दुकानात काय बोलायचं ते बोला. दर्याच्या काठी नको. त्यो ऐकतो."

* * *

पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. स्वच्छतेच्या भारी आग्रही. कयाकमध्ये बसल्यापासून तरंगणाऱ्या पिशव्या गोळा करत होत्या. चौथी पिशवी उचलली आणि किंचाळल्या!

ती जेलीफिश होती. हातावर लालभडक रेघ.

"चावली हो मला!"

धर्मा शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही तिला तिच्याच घरातून कचरा म्हणून उचलली. ती गप बसंल व्हय?"

* * *

पालीचे एक गुरुजी सपत्नीक आले. घरात अंडंसुद्धा येत नाही, हे त्यांनी लाइफ जॅकेट घालता घालता दोनदा सांगितलं. गुरुजी एका कयाकमध्ये, बाई धर्मासोबत दुसऱ्यात.

आमच्याकडे बोय नावाचा मासा आहे. त्याला उड्या मारायचा नाद. असा एक वीतभर बोय थेट गुरुजींच्या मांडीवर! गुरुजी ताडकन उभे राहिले. कयाकमध्ये उभं राहायचं नसतं. गुरुजी, वल्हं, मासा, तिघेही पाण्यात!

वर येताच गुरुजी हात जोडून ओरडले, "अरे, आज तरी नको! आज संकष्टी आहे!"

शेजारच्या कयाकमधून गुरुजींच्या पत्नीचा आवाज आला, "म्हणजे एरवी?"

* * *

पनवेलचा एक जिम करणारा तरुण. म्हणाला, "अंकल, आप पीछे बैठो, रील बनवू." मी मागे बसलो. त्याने फोन वर धरला. उन्हात स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, पण आम्ही दोघं दात काढून फोनकडे बघत बसलो. किनाऱ्यावरून लोक ओरडायला लागले. आम्हाला वाटलं, आमचंच कौतुक!

रात्री त्याने व्हिडिओ पाठवला. माझ्या टकलाच्या बरोब्बर मागून तीन डॉल्फिन ओळीने गेले. तिसऱ्याने तर उडी मारली. मी हसतोय!

धर्माला दाखवला. तो म्हणाला, "त्यांनी तुम्हाला बघितलं, शेठ. तेवढं तर खरं हाय."

त्या दिवशी पहिल्यांदा मला तो बोर्ड काढून टाकावासा वाटला. काढला नाही. पण नवा रंगही दिला नाही.

* * *

यंदा हंगाम संपला त्या दिवसाची गोष्ट. सकाळची वेळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. धर्मा वाळूवर कयाक बांधत होता. आमच्या हद्दीची खूण म्हणून लावलेलं तरंगतं पिंप तेवढं आणायचं राहिलं होतं. "मीच आणतो," म्हणालो. फोन भिजेल म्हणून वाळूवर चपलेत ठेवला आणि एक कयाक घेऊन निघालो.

पिंपाचा दोर सोडत होतो, तेवढ्यात शेजारी कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. फूऽस!

वळलो. हातभर अंतरावर राखाडी पाठ. तिला चिकटून एक पिल्लू. आई अर्धी कुशीवर झाली आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. मग दोघं खाली गेली. पाणी पुन्हा सपाट.

पिंप तिथेच राहिलं. कसंबसं वल्हवत आलो, गुडघाभर पाण्यात उडी टाकली आणि धावत धर्माजवळ गेलो.

"धर्मा! पाहिले! दोन होते! आई आणि पिल्लू! इथे, या इथे!"

धर्माने दोराची गाठ आवळली. मान वर केली नाही.

"शेठ," तो म्हणाला, "आज गिऱ्हाईक कुठं हाय? मला कशाला सांगताय?"