झुलू इकडे, खोसा तिकडे

आमचं कॉलेज सीमेवरच्या गावातलं, निम्मं मराठी, निम्मं हिंदी. आमच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात ते कपाटावरच्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे. कुणी टाकत नाही, ढीग वाढतच जातो. यंदा त्यात माझीच भर जास्त. मी इतिहासाची अतिथी विद्वान, म्हणजे पाहुणी आणि विद्वान, दोन्ही टेम्पररी! प्रिन्सिपल सर माझ्या एका तासाला येऊन बसणार आणि पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. विषय निघाला दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा लोकांचा. माझी भूक गेली ती तिथून.

*

स्टाफरूममधल्या पाटील मॅडमना मी विषय सांगितला. "आधी तिथला माणूस म्हणायचा, मी अमक्या सरदाराचा. बोलणं एकमेकांना समजायचं. मग मिशनरी आले. ज्याने जिथे तळ ठोकला तिथली बोली लिहून काढली. झाल्या दोन भाषा! इंग्रजांनी त्यावरून माणसांचे गठ्ठे बांधले."

मॅडम डबा उघडत म्हणाल्या, "आपलं बरं गं. आमच्या राजपुरा मोहल्ल्यात अजून विचारतात, कोणाची तू? भाषा कोण विचारतं!"

हे वाक्य मी लगेच नोट्समध्ये उतरवलं. स्वतःचं म्हणून!

*

त्याच आठवड्यात केळीवाल्यांच्या घरची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. "मॅडम, आजीशी खानदेशी बोलते, पप्पांशी मराठी, भावाशी हिंदी. मातृभाषा काय लिहू? जागा एकीचीच आहे."

मी घाबरून क्लार्क चौहानजींकडे बघितलं. ते मान वर न करता म्हणाले, "जो जल्दी लिखा जाए, वो लिख दे बेटा!"

मिशनऱ्यांचं तरी काय वेगळं झालं असेल?

*

खोसा भाषेत जिभेने टिचकी मारल्यासारखे आवाज असतात. वर्गात करून दाखवायचे म्हणून मी कपाटामागे सराव करत होते. च्क्. च्क्.

पाटील मॅडमनी टेबलावर बोटं वाजवली, "कृष्ण, कृष्ण!" आणि मग ओरडल्या, "अगं, पाल!"

आवाज मीच काढत होते. तरी खुर्चीवर सगळ्यांत आधी चढले तीही मीच!

*

शेवटी तो तास आला. सर मागे बसले. मी खडू ठेवला आणि प्रयोग काढला. "समजा, मी गोरा साहेब. मराठीवाले खिडकीकडे, हिंदीवाले दाराकडे."

निम्मा वर्ग मध्येच उभा.

"मध्ये थांबायचं नाही! साहेबाच्या यादीत मधले कुणी नाहीत."

कुरकुरत सगळे गेले. दोन सख्ख्या बहिणी दोन बाजूंना. पाच मिनिटं झाली नाहीत तोच खिडकीकडून आवाज, "मॅडम, चालू पंखा त्यांच्याचकडे का?"

दाराकडून उत्तर, "हमारा पंखा है!"

सकाळपर्यंत तो कॉलेजचा होता.

मी वळून बघते तर सर बाकावरून उठून बरोब्बर मध्ये उभे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मध्ये नाही, सर!"

माझं पुढचं वर्ष गेलं, हे मला स्पष्ट दिसलं.

आमचे सर गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी खिडकीतलं ऊन बघितलं, वर पंखा बघितला, आणि रुमालाने मान पुसत दाराकडे जाऊन बसले.

"अगले साल भी यही टॉपिक लीजिएगा, मॅडम," ते म्हणाले. "और हमारा पंखा इधर ही रहेगा!"