गजूबायचा पदर

सातपाटीहून निरोप आला तेव्हा मी पालघरच्या घरी जेवत होतो, आणि ताटात तिनेच पाठवलेल्या सुक्या बोंबलांची चटणी होती. माझी चुलत बहीण गजूबाय गेली. बहीण म्हणायला मी तिच्या मरणापर्यंत थांबलो. तोवर सगळ्यांसारखा मीही 'आमचा गजानन' म्हणायचो.

बोंबील टांगणं आमच्याकडे बायकांचं काम. ती लहानपणापासून तिथेच. तिच्या बापाने, म्हणजे काकांनी, दोनदा बडवून होडीवर घातली, दोन्हीदा ओकून अर्धमेली होऊन परतली. विशीत लुगडं नेसली आणि पाटी घेऊन बाजारात बसली. तिचे बोंबील सगळ्यांना गोड लागत. लग्नाच्या मांडवात ती मात्र कोणाला नको.

आणि त्या मांडवात मी... खानदानाचा हुकमी गप्पिष्ट! टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण खांद्यावर पंचा टाकून गजूबायची नक्कल केली की पोरंबाळं लोळायची. एकदा पाटी घेऊन दारात तीच उभी. पुढे येऊन म्हणाली, "दादा, पदर असा नाय खोचत रं. चार पावलांत सुटंल." पंचाचं टोक पिळून तिनेच माझ्या कमरेला खोचलं. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी. जाताना हळूच म्हणाली, "मी मेली का मला लुगड्यातच न्या. तुजं आयकतात सगळे."

"नेऊ की, हिरवंगार नेसवू!" मी म्हटलं. तीही थट्टाच.

ती गेली त्या दिवशी मी पोचलो तेव्हा शेजारणी हळदीचं पाणी आणि लुगडं घेऊन अंगणात उभ्या होत्या. काकांनी त्यांना हाकललं. "जलमभर लाज घालवली, आता तरी बाप्यासारका जाऊ दे." न्हाव्याकडून तिचे केस कापवले. त्या शेजारणींतली म्हातारी धाकूबाय मला म्हणाली, "तू बोल की रं. एरवी लय बोलतोस."

मी तिला नेसवायच्या धोतराचं टोक धरलं. निऱ्यासुद्धा नीट घातल्या...

तिकडे तारापूरला अणूतून वीज काढायचं चाललंय, आणि इकडे आम्ही मेलेल्या बाईचे केस कापतो. काकांची किळस येते. तेराव्यानंतर तिचेच उरलेले बोंबील चघळणाऱ्यांची येते. त्या पंगतीत "जरा तिखट हवं होतं" म्हणणारा मी होतो, त्याची सर्वांत जास्त.

परवा बारशाला पोरं मागे लागली, "काका, गजूबाय करा ना!" सवयीने पंचा घेतला, टोक पिळून कमरेला खोचलं. पोरं वाट बघत राहिली, मी तसाच ओटीवरून परसात गेलो, परत आलो.

पदर सुटला नाही.