आईच्या मापाचं स्टूल

आईचे गुडघे गेले आणि तिनं विहारात जाणं सोडलं. वंदनेला सगळ्या बाया सतरंजीवर बसतात. आई खाली बसली, तर तिला उठवायला दोघी लागायच्या, आणि प्लॅस्टिकची खुर्ची तिला नको होती. "सगळ्या खाली अन् मी एकटी वर? मी काय पाव्हणी हाय का?"

मग ठरवलं, तिच्यासाठी बुटकं स्टूल मीच करणार. बायांच्या ओळीत खपून जाईल इतकं खाली, आणि तिचं तिला उठता येईल इतकं वर. चाकणच्या कंपनीत मी पत्र्याचे पार्ट तपासते. लाकडात तोवर खिळासुद्धा धड ठोकला नव्हता. सुट्टीला वाकडला सुतारकामाच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे आधी कॉम्प्युटरवर त्रिमिती चित्र काढायचं, मग करवत हातात घ्यायची. बाकीचे आयटीवाले हौसेनं ट्रे करत होते. माझं स्टूल स्क्रीनवर फिरायला लागलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

प्रत्यक्षात ते उंच निघालं. आई बसली आणि म्हणाली, ही तर खुर्चीच झाली. घोळ माझ्या सवयीनं केला होता. स्टुलाचे नुसते पायच मी आईच्या मापाइतके उंच धरले आणि वरची फळी पत्र्यासारखी नुसती ठेवून दिली. सगळी नोकरी पत्र्यात गेलेली. पत्र्याच्या जाडीनं कुणी उंच होत नाही. सागाची फळी मात्र चांगली दीड इंची होती.

मग पाय कापले. एक जरा जास्त कापला गेला, स्टूल डुलायला लागलं. बाकीचे कापले, तर दुसरीकडून डुलायला लागलं. कापता कापता त्याचा पाट झाला. जेवायला बरा आहे, असं आई म्हणाली. मी जाम चिडले आणि त्याच तावात नवं चित्र काढायला बसले. या वेळी फळीला तिची जाडी दिली आणि पायांतून तेवढी वजा केली.

पौर्णिमेला आम्ही नवं स्टूल घेऊन विहारात गेलो. मागून पाहिलं, तर ओळीत आईचं डोकं इतरांपेक्षा जरासंच वर दिसत होतं. वंदना संपली, तशी मी पुढे होऊन हात दिला.

"सर बाजूला," ती म्हणाली, आणि दोन्ही तळवे फळीवर टेकवून आपली आपण उठली.

मी सरले. मला इतका अभिमान वाटला, की कुणी विचारायच्या आतच शेजारच्या बाईंना सांगून टाकलं, हे मी केलंय.