करवंदपूरचा कायदेवाला

माझा धाकटा भाऊ हर्षल आरटीओ एजंट होता. लायसन्स, गाडी ट्रान्सफर, पासिंग, ज्याला जे हवं ते. नाशकात द्वारका चौकाजवळ एका गाळ्यात त्याचं टेबल होतं, आणि कुठल्या नियमाला कुठे वळसा घालायचा हे त्याला तोंडपाठ असायचं. मी त्याला सरळ म्हणायचे, "अरे, कायद्याला भोकं पाडून पोट भरतोस तू." तो हसायचा. "ताई, भोकं आधीपासूनच असतात. मी फक्त बोट दाखवतो."

असा हा माणूस संध्याकाळी घरी आला की एल्फांच्या राज्याचे कायदे करायचा. एल्फ म्हणजे कार्टूनमधले ते लांब कानांचे, झाडांत राहणारे, जादू करणारे लोक. त्याच्या मुलीला, आरोहीला, त्यांचं भारी वेड. आमच्या नाशकातले एल्फ मात्र पांडवलेण्याच्या डोंगरामागे राहायचे, करवंदं खाऊन तोंडं जांभळी करून घ्यायचे, आणि त्यांच्या राज्याचं नाव होतं करवंदपूर. तुम्हाला हसू येईल. मलाही आलं असतं, पण ते राज्य कसं सुरू झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

हर्षलची बायको सोनाली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. आरोही तेव्हा पाच वर्षांची. आईला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना तिने बघितलं, त्यानंतर काही नाही. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही कोणाला. मग एक दिवस पोरगी बापासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एल्फांना जादू येते ना? मम्मीला परत आणायला सांग त्यांना." शेजारच्या बायका तिला देवबाप्पा, चांदणी, असलं काहीबाही सांगतच होत्या. मला वाटलं, हाही तसंच काहीतरी सांगेल. तर हा बाबा गाळ्यातल्या टेबलामागे बसल्यासारखा ताठ बसला आणि म्हणाला, "गेलेल्या माणसाला परत बोलवायची जादू करवंदपुरात बंद आहे. कायदाच आहे तसा."

"का बरं?" तिने विचारलं.

"एकाला बोलावलं की सगळे एल्फ रांग लावतील. आणि जे गेलेत त्यांना दमायला होईल गं, सारखं उठून यायला."

मी दारात खिचडीचा डबा घेऊन उभी होते. माझ्या अंगाची नुसती आग झाली. आरोही आत गेल्यावर मी त्याला झापला. एवढ्याशा लेकराला कायदे काय सांगतोस, दोन शब्द गोड बोलता येत नाहीत का तुला? तो म्हणाला, "गोड बोललो तर ती रोज दाराकडे बघत बसेल." मी खिचडी वाढली.

तिथून जे सुरू झालं ते चार वर्षं चाललं. एकही कायदा कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेले कायदे माणसांसाठी असतात, एल्फांना पाठ असतात, असं त्याचं म्हणणं. गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू रिक्षाखाली येऊन लंगडं झालं, आरोहीने जादूने ते बरं करायचं ठरवलं, तेव्हा दुसरा कायदा आला. जादू करणारा जेवढं देईल तेवढं त्याच्यातलं कमी होणार. पिल्लाचा पाय बरा केलास तर लंगडायचं तू. आरोहीने दोन दिवस विचार केला आणि पिल्लाला दूध घातलं. तिसरा कायदा आला तो शेजाऱ्यांमुळे. सोनालीच्या मागे जो उठेल तो हर्षलच्या घरी अंगारे, गंडे, स्थळं आणि सल्ले घेऊन यायचा. वैतागून त्याने एकदा फर्मान काढलं, की करवंदपुरात ज्याच्यावर जादू करायची त्याने स्वतः मागितल्याशिवाय ती करता येणार नाही. न मागता केली तर करणाऱ्याचे कान आखूड होतील.

गमतीचे कायदेही होते. विजेच्या तारांच्या वर उडायचं नाही. जेवताना जादू बंद. अदृश्य व्हायचं लायसन्स गळ्यात सगळ्यांना दिसेल असं अडकवायचं. या शेवटच्या कायद्यावर आरोही इतकी हसली होती की तिला ठसका लागला. कायदा करायचा हर्षलने, निकाल द्यायचा तिने. एका खुर्चीवर दोन उशा ठेवून ती वर बसायची, आणि मीही तिथे गेले की माझ्यावर खटले चालायचे. आत्याने न विचारता माझ्या डोक्याला तेल लावलं, असले. दर वेळी मी दोषी.

हर्षलचं बीपी वाढलेलं होतं आणि हे त्याला माहीत होतं. गोळ्या संपल्या की आणायचं राहून जायचं. "उद्या आणतो," म्हटलं की संपलं. पाय सुजायला लागले तरी चप्पल बदलली, डॉक्टर नाही गाठला. शेवटी एक दिवस गाळ्यातच चक्कर येऊन पडला, आणि मग कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. अजूनही हे आठवलं की मला त्याला धरून हलवावंसं वाटतं.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. पाणी मोजून प्यायचं, केळं नाही, शहाळं नाही. मशीनवरून उठला की त्याचा चेहरा राखेसारखा दिसायचा आणि तो भिंतीला धरून चालायचा. टेबल दुसऱ्याने घेतलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यातली किडनी मिळाली तर बघा. आईवडील आमचे केव्हाच गेलेले. राहिले कोण? मी. माझा आणि त्याचा रक्तगट एकच. मी त्याच क्षणी म्हणाले, "माझी घ्या."

हर्षल म्हणाला, "नको."

नको म्हणजे काय? मी रागवले, रडले, जेवण सोडलं. माझा नवरा महेश आधी घाबरला होता, पण नंतर तोही समजवायला गेला. हा ढिम्म. एके दिवशी त्याच्या घरी मी पुन्हा विषय काढला तर म्हणतो कसा, "मी मागितली का? करवंदपुरात न मागता कोणावर जादू करायची नाही."

"चुलीत घाल तुझं करवंदपूर," मी म्हणाले.

आरोही तिथेच बसली होती, नऊ वर्षांची झाली होती आता. तिने सगळं ऐकलं. ती उठली, बापासमोर गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तो बरोबर बोलतोय. कायदा आहे. त्याने मागायला पाहिजे." आणि मग त्याच्याकडे बघून, "बाबा, माग ना." हर्षल उठून गॅलरीत गेला. पोरगी तिथेच उभी राहिली. मी तिला जवळ घेतलं.

खरं कारण मला ठाऊक होतं. एल्फ वगैरे बहाणा. आपल्याकडे भावाने बहिणीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. त्यातून लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या बहिणीकडून तर नाहीच. वडील गेल्यापासून हा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असून माझं माहेर झाला होता. दिवाळीला साडी, आंब्याच्या दिवसांत पेटी, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस पळापळ. त्याला माझ्यापुढे हात पसरता येत नव्हता. मरण चाललं असतं त्याला, ते नाही. आणि दुसरा कायदा त्याने स्वतःच केलेला, तो त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. तो बरा झाला तर माझ्यातलं काहीतरी जाणार, असं त्याने मनाशी धरलं होतं.

मग भाऊबीज आली. दर वर्षीसारखं मी पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला बसवला. टोपी त्याच्या डोक्याला आता मोठी होत होती. मी टिळा लावला, सुपारी फिरवली, ओवाळलं. त्याने शेजारची साडीची पिशवी उचलली आणि ताटात ठेवायला गेला. मी ताट मागे घेतलं.

"ही नको. यंदाची ओवाळणी मी मागणार आहे," मी म्हणाले.

"माग की. काय पाहिजे?"

"देशील?"

"ओवाळणीला कधी नाही म्हटलंय का तुला?"

"मग माझी एक किडनी तू घ्यायची. हीच माझी ओवाळणी."

त्याने पिशवी मांडीवर ठेवली. भावाने ओवाळणीला नाही म्हणायचं नसतं, रिकाम्या ताटाने बहिणीला उठवायचं नसतं, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. तेवढ्यात आरोही बोलली. खुर्ची नव्हती, उशा नव्हत्या, ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. म्हणाली, "करवंदपुरात ओवाळणीवर कायदाच नाहीये. आणि मागितलं आत्याने आहे. बाबाने फक्त द्यायचंय."

हर्षल हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. टोपी काढून डोळे पुसले. "ताई, तू एजंट व्हायला पाहिजे होतंस," तो म्हणाला. मग ताटावर नुसता हात ठेवला आणि म्हणाला, "दिली." मी त्या दिवशी जितकी जेवले तितकी कधी जेवले नव्हते.

तपासण्या झाल्या, सह्या झाल्या, समितीपुढे बसून मी माझ्या मर्जीने देतेय हे सांगून झालं. थंडीत ऑपरेशन झालं. मला शुद्ध आली तेव्हा कुशीत सुरी फिरवल्यासारखं दुखत होतं, पण महेश म्हणाला, "चालू झाली." तिसऱ्या दिवशी हर्षलचा आयसीयूमधून फोन आला. आवाज बारीक, पण मस्ती तीच. "ताई, तुझी किडनी अगदी तुझ्यावर गेलीय. एक मिनिट गप्प बसत नाही." मी हसले तर टाके ओढले गेले. त्या दिवशी त्याला पोटभर पाणी प्यायला दिलं होतं, आणि पाण्याची चव किती चांगली असते हे तो मला दहा मिनिटं सांगत होता.

तो घरी आला. शरीराने किडनी परत फेकू नये म्हणून औषधं होती, आणि त्या औषधांनी अंगातली आजाराशी लढायची ताकद कमी होते, म्हणून कोणाला भेटायचं नाही, सगळं उकळून, धुऊन, मास्क लावून. सगळं केलं. आरोही त्याच्याशी खोलीच्या दारातून बोलायची. एवढं करूनही ताप आला. इन्फेक्शन छातीत गेलं. पुन्हा हॉस्पिटल, मग व्हेंटिलेटर. कोणाचं चुकलं नाही. डॉक्टर धावले, नर्स धावल्या, आम्ही धावलो. किडनी शेवटपर्यंत चालू होती, असं माझी समजूत घालायला डॉक्टर म्हणाले. मला त्यांच्या तोंडावर ओरडावंसं वाटलं. चालू होती, मग त्याला ठेवलं का नाही तिने?

मी हट्ट केला नसता तर तो डायलिसिसवर अजून काही वर्षं राहिला असता का? कोणी सांगू शकत नाही. महेश म्हणतो, असा विचार करू नको. मी करते. भाजी चिरताना करते, देवापुढे हात जोडताना करते.

आरोही आता आमच्याकडे असते, गंगापूर रोडला. शाळा बदलली. करवंदपूरचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. ती खूप शहाण्यासारखी वागते. ताट स्वतः उचलते, गृहपाठ न सांगता करते, मला हाक मारण्याआधी मी कुठे आहे ते डोकावून बघून जाते. इतकं शहाणपण बघून मला भीती वाटते.

परवा मला थोडा ताप आला. साधा, सर्दीचा. गोळी घेऊन मी दुपारी आडवी झाले. ती शाळेतून आली, दारात दप्तर घेऊन उभी राहिली आणि आत येईना. मी म्हणाले, "ये गं, काही नाही झालेलं मला." तरी तिथेच.

मग म्हणाली, "आत्या, करवंदपुरात नवीन कायदा आलाय."

मी विचारलं, "कोणी केला?"

"मी. आता मीच करणार ना."

"काय आहे कायदा?"

"ज्याच्याकडे एकच उरलंय, त्याच्याकडून ते कोणीच न्यायचं नाही. कोणीच म्हणजे कोणीच."

मला वाटलं, हिला माझी काळजी वाटतेय. मी तिला सांगितलं, "अगं वेडे, एका किडनीवर माणूस म्हातारं होईपर्यंत जगतं. डॉक्टरांनी सांगितलंय. माझी कोणी नेत नाही."

"किडनीचं नाही बोलत मी," ती म्हणाली. "माझ्याकडे एकच उरलंय. तू."

मी उठले. अंगात कणकण होती तरी उठले, तोंड धुतलं, केस विंचरले आणि तिच्यासमोर कुकर लावला, तिला दिसावं म्हणून.