कडूबाईच्या मांडवातला डाव

कडूबाई नावानं कडू आणि जिभेनं त्याहून कडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी पोरीचं नाव कडू ठेवलं, यमाला चव लागू नये एवढ्याचसाठी. यमानं ते मनावर घेतलं असावं, कारण पन्नाशी ओलांडली तरी बाई खणखणीत होती. कुरकुरायचा तो एक गुडघा.

बहात्तरच्या दुष्काळात कर्जत तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर गावंच्या गावं माती वाहायला आली. कडूबाईचा गुडघा घमेल्याला साथ देईना, तेव्हा मुकादम भिमाजीनं तिला लिंबाशेजारचा पाचटाचा मांडव दाखवला. म्हणाला, "मावशे, तू हितं पोरं राख. सुकडी वाट, पानी पाज. आन् एक बग, कुनी खानीकडं येता कामा न्हाई. तितं सुरुंग उडत्यात."

आता, पोरं राखायची म्हणजे एका जागी बसवायची, असं जगात कुणालाही वाटतं. कडूबाईला वाटत नव्हतं. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा ती पदरात सागरगोटे बांधून सासरी गेली होती. सासूनं ते विहिरीत टाकले आणि विचारलं, "नांदायला आलीस का खेळायला?" तिचं खेळायचं राहिलं ते राहिलंच. ती सगळी कसर ती आता मांडवात भरून काढत होती. सागरगोट्यात तर ती चक्क रडीचा डाव खेळायची. हरायला आली की डोळ्यात माती जायची तिच्या.

पण नजर पक्की होती. सुकडीवरून हाणामारी करणाऱ्या पोरांना तिनं एकदाही उपदेश केला नाही. चिंधीची बाहुली केली आणि सांगितलं, हिला ताप आलाय, आधी हिला भरवा. आठवड्याभरात पोरं न सांगता धाकट्यांच्या तोंडात आधी घास घालू लागली. भिमाजी येता-जाता हिणवायचा, "मावशे, सरकार तुला खेळायचे पैशे देतंय व्हय?" ती म्हणायची, "खेळनारं पोर पळत न्हाई, मुकादम. बसवलेलं पळतं."

हे तिचं ब्रह्मवाक्य खोटं पडायची वेळ आणली ती यंकीनं.

यंकी पाच-सहा वर्षांची. सोलापूरच्याही पलीकडून आलेल्या वडार कुटुंबातली. आईबाप खाणीत दगड फोडायचे. पोर मांडवात आली आणि खाणीकडे तोंड करून बसली. खेळेना, बोलेना, सुकडीलाही हात लावेना. पोरांनी तिचं नाव 'मुकी' पाडून टाकलं. कडूबाईची पाठ वळली की ही खाणीच्या वाटेला लागलेली असायची. एकदा सुरुंगाच्या इशाऱ्याचं लाल फडकं वर झालं आणि पोर वाटेतच. एका गड्यानं उचलून बाजूला घेतली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी दुर्गव्वानं, म्हणजे यंकीच्या आईनं, लेकीच्या पायाला दोरी बांधून ती मांडवाच्या मेढीला अडकवली. बांधताना तिचे डोळे वाहत होते. भिमाजी जवळच उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता, पण कालपासून त्याचं काळीज ठिकाणावर नव्हतं. "पोर पुन्ना खानीत दिसली तर या घराला काम बंद. माज्या डोक्यावर रगत नको," तो म्हणाला.

काम बंद म्हणजे काय हे त्या वर्षी कुणाला सांगावं लागत नव्हतं. तो वळला, दुर्गव्वा खाणीकडे गेली, आणि कडूबाईनं दोरी सोडली. "दावं जनावराला असतं," ती पुटपुटली. सोडली खरी, पण नजर पोरीवरून हलवली नाही. पोरीला काही झालं तर तोंड कुठं लपवणार होती ती?

मग तिनं शिकस्त केली. सागरगोटे मांडले, चिखलाची चूल केली, बाहुलीला पुन्हा ताप आणला. यंकीनं ढुंकून पाहिलं नाही. कडूबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिली. भाकरीवरही वासना जाईना.

दुपारी थोरल्या पोरांनी लिंबाखाली विटीदांडू मांडला. कुंभाराच्या गोरक्षनं विटी लांब टोलवली आणि तो दांडूनं अंतर मोजू लागला.

"वकट, लेंड, मूंड, नाल..."

यंकीची मान वळली.

"ऐद, आर, झक्कू!"

"येडु!" यंकी ओरडली.

सगळी पोरं तिच्याकडे बघू लागली. मग गोरक्षनं भोकाड पसरलं. "आज्जे, मुकी मला येडू म्हनली!"

"कोन? मुकी म्हनली?" कडूबाई गुडघा विसरून उठली. "म्हनू दे, बाबा! हायेसच तू."

पण यंकीला शिवी द्यायची नव्हतीच. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. तिनं गोरक्षच्या हातातला दांडू हिसकला, गल्लीपासून, म्हणजे विटी ठेवायच्या खाचेपासून, मोजायला सुरुवात केली. "वकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु..." सातव्या वेळी तिनं दांडू जमिनीवर आपटला. "येडु!" आणि कुणाला शंका नको म्हणून दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर धरली.

आयुष्यभर कडूबाई ही बडबड ऐकत आली होती. तिचे चुलतभाऊ मोजायचे, त्यांच्याआधी बाप मोजायचा. कुणाला वाटलं होतं की हे वडारांच्या बोलीतले खरेखुरे आकडे आहेत, आणि कुणाच्या तरी घरात रोज बोलले जातात? पोरगी मुकी नव्हती. या माळावर तिच्या ओळखीचं काही तिच्या कानावरच पडलं नव्हतं.

"आगं, ही तर विटीची मालकीन निगाली!" कडूबाई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

पुढं जे भांडण लागलं ते बघण्यासारखं होतं. झक्कू का येडु? गोरक्ष म्हणे, आमच्यात झक्कूच. यंकी सात बोटं खाली घेईना. कुणाला कुणाची भाषा कळत नव्हती, तरी हातवारे करून तोडगा निघाला. यंकी मोजेल तेव्हा येडु, बाकीचे मोजतील तेव्हा झक्कू. कडूबाई मध्ये पडली नाही. इतका चांगला निवाडा तिला जमला नसता.

खाणीवर लाल फडकं वर झालं. शिट्टी वाजली, माणसं पांगली. दुर्गव्वा मात्र मांडवाकडे धावत सुटली. मेढीला नुसती दोरी लोंबत होती, पोर दिसत नव्हती. तिनं छाती पिटून हाक मारली, "यंकी!"

लिंबामागून पोरांचा गलका आला. दुर्गव्वा तिकडे वळली. लेक दांडू घेऊन गल्लीवर वाकली होती. आईला पाहून तिनं एक हात वर केला आणि दुपारभर शंभरदा ऐकलेलं वाक्य मराठीत फेकलं. "थांब! डाव हाय माजा!"

खाणीत सुरुंग उडाला. विटीही उडाली.

दुर्गव्वाला धाप लागली होती. तिनं मोडक्यातोडक्या मराठीत कडूबाईला विचारलं, "काय म्हनती?"

कडूबाईनं पदरानं डोळे पुसले. माती गेली नव्हती त्यांत.

"थांब म्हनती, बाई. तिला येळ न्हाई."