कुर्ल्यांचे बारीक पाय

नवी नवरी असताना मी एकदा खेकड्यांचे बारीक पाय कात्रीने कापले, कागदात नीट गुंडाळले आणि कचऱ्यात टाकून दिले. हे वाचून ज्यांच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं ते आमच्या कोकणातले, आणि ज्यांना ‘मग त्यात काय बिघडलं?’ असं वाटलं ते त्या वेळच्या माझ्यासारखे. मी मुलुंडच्या नोकरदार घरातली. आमच्याकडे मासा म्हणजे रविवारी तळलेली पापलेटची तुकडी, तीही आईने काटा काढून दिलेली. लग्नाआधी मी पाककलेचा वर्ग केला होता. मला रुमालाचा हंस करता यायचा, टोमॅटोचा गुलाब करता यायचा, आणि खेकडा मी पाहिला होता तो फक्त राशिभविष्याच्या पानावर. अशा मला ‘तेवढ्या कुर्ल्या साफ करून ठेव गो’ असं सांगून माझी थोरली जाऊ पोराला घेऊन डॉक्टरकडे गेली, ही मात्र सर्वस्वी तिची चूक. बारीक पायांत मांस ते कितीसं असणार, शिवाय ताटात ते दिसतातही गबाळे, असा विचार करून मी ते छाटले. जाऊबाई परत आल्या, पातेल्यात डोकावल्या. “पाय खंय गेले गो?” “कचऱ्यात,” मी म्हटलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. ते पाय पाट्यावर वाटून, पाणी घालून पिळून, तो रस रश्शात सोडतात आणि रश्शाची सगळी चव त्याच रसात असते, हे मला जाऊबाईंनी चाळीचे जिने उतरता उतरता, कडेवरच्या पोरासकट ओरडून सांगितलं. खाली मांजरांची पंगत उठत आली होती. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, “मांजरांचा भला झाला.” संध्याकाळी सासऱ्यांनी, गिरणीतून निवृत्त झालेला अबोल माणूस तो, एक भुरका मारला आणि विचारलं, “आज कुर्ल्या नुसत्या आंघोळ करून गेल्या काय?”

तर ही माझी थोरली जाऊ. घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत तिच्याइतकं कमी बसलेलं माणूस सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ती उभ्याने चहा पिते, उभ्याने पेपर वाचते, आणि माझ्या माहितीप्रमाणे लग्नातसुद्धा पाटावर बसली ती भटजींनी दोनदा सांगितल्यावर. तिला कोणी “वहिनी, बसा आता” म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, “बसून कोणाचा भला झाला?” आणि पुन्हा एक चक्कर गॅलरीपर्यंत. घरात कॅलेंडर असतं ते तिच्या मते अमावस्या बघण्यासाठी. बाकीच्या तिथ्या छापणाऱ्याने जागा भरायला घातलेल्या. अवसेच्या सुमाराला कुर्ल्या भरलेल्या असतात आणि पुनवेला पोकळ, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. एका भाच्याचा साखरपुडा पौर्णिमेच्या आसपास ठरला तेव्हा तिने पत्रिका बघणाऱ्यांना गप्प केलं होतं. “मुलीकडच्यांना पोकळ कुर्ल्या घालणार? मग पुढे सून काय मान देणार तुम्हाला?” साखरपुडा पंधरा दिवस पुढे गेला.

पाय टाकल्याच्या त्या दिवसापासून तिने मला कुर्लीला हात लावू दिला नाही. मला नारळ खवायला बसवलं. मी नोकरी केली, मुलं वाढवली, निवृत्त झाले, आजी झाले. नारळच खवते आहे. वर ती गोष्ट प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला नव्याने सांगितली जाते. माझ्या व्याह्यांना माझं नाव नंतर कळलं, पाय आधी कळले. माझी नात लहान असताना तर तिला वाटायचं की आजीने कुणाचे तरी खरे पाय तोडले होते, आणि ती माझ्या जवळ झोपायला घाबरायची. मी हसते सगळ्यांबरोबर. पण खरं सांगू? दर वेळी वाटायचं, एकदा तरी ते पातेलं हिने माझ्या हातात द्यावं.

आता जाऊ बोरिवलीला मुलाकडे असते, बाविसाव्या मजल्यावर. स्वयंपाकघर असं चकचकीत की कोथिंबीर ठेवायलासुद्धा संकोच वाटावा. मागच्या दिवाळीनंतर तिच्या हातून गरम पातेलं सुटलं. बोटांच्या सांध्यांत आता जोर राहिला नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझा पुतण्या गुणी आहे, आईवर जीव आहे त्याचा, म्हणून तर त्याने फर्मान काढलं, “आई, आता गॅसकडे जायचं नाही. तुला काय हवं ते सांग, दहा मिनिटांत दारात येईल.” दारात येतंही. ती डबा उघडते, वास घेते, झाकण लावते आणि फेऱ्या मारायला लागते, हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून गॅलरीत. तिची सून मला फोनवर म्हणाली, “काकू, आईंच्या फेऱ्यांनी खालचे लोक तक्रार करतील एक दिवस.”

तिच्या वाढदिवसाला पुतण्याने आम्हा सगळ्यांना अंधेरीच्या मोठ्या हॉटेलात नेलं. मेनूकार्डावर अख्ख्या किनाऱ्याचे खेकडे: मंगळूरचा तुपात परतलेला, गोव्याचा नारळाच्या वाटणातला, केरळचा काळ्या मिरीतला, बंगालचा मोहरीतला. वेटरने तिच्या गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं बांधलं. “बारसा आहे काय माझा?” मग त्याने कवच फोडायचा चिमटा ठेवला. “आणि हा अडकित्ता? सुपारी कुठाय?” पण मंगळूरचा खेकडा तिने डेंग्यापासून, म्हणजे मोठ्या नांगीपासून, पाठीपर्यंत चोखून खाल्ला, हेही सांगायला हवं. ती हट्टी आहे, खोटारडी नाही. “मसालो झकास आहे,” म्हणाली, आणि मग व्हायचं तेच झालं. खुर्ची रिकामी. ती सरळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात. पुतण्या कपाळाला हात लावून बसला, “वाट लागली!” मी मागे धावले तर ती आचाऱ्याला हिंदीत विचारत होती, “छोटा पाय का क्या करता तुम?” तो बिचारा नम्रपणे म्हणाला, “फेंक देते हैं, माताजी.” जाऊबाई वळल्या आणि भरल्या हॉटेलात ऐकू जाईल असं मला म्हणाल्या, “अगो, हा तुझाच भाऊ!”

सगळे हसले. मीही. पण घरी परतताना गाडीत ती खिडकीच्या काचेवर बोटं वाजवत होती, थांबतच नव्हती. हळूच मला म्हणाली, “अवस कधी आहे गो?” ज्या बाईला पुढच्या वर्षाची अवस तोंडपाठ, ती मला तारीख विचारते? मी समजले. “शुक्रवारी,” मी म्हटलं. “माझ्याकडे या. घरी काही सांगू नका.” या वयात पळून जाण्याचा बेत असा ठरतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही वर्सोव्याच्या मासळी बाजारात गेलो. तिथे ती वेगळीच होते. एकेक कुर्ली हातावर तोलायची, पोट दाबून बघायची, नाकाशी न्यायची, परत टोपलीत टाकायची. कोळीण वैतागून म्हणाली, “मावशी, घेणार आहेस का नुसती तब्येत तपासतेस?” “तब्येत बघूनच घेतात गो. जाऊ आणताना नाय बघितली, तर ही मिळाली,” असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. दोघी इतक्या हसल्या की कोळणीने एक कुर्ली वर टाकली. येताना हिला मेट्रोने यायचं होतं. तपासणीच्या मशीनमधून कुर्ल्या कशा दिसतात ते तिला बघायचं होतं. मी रिक्षा केली. माझ्या घाटकोपरच्या घरापर्यंत पिशवी खरखरत होती आणि रिक्षावाला सारखा मागे वळून बघत होता.

घरी आल्यावर तिने पदर खोचला, मला नेहमीसारखा नारळ दिला आणि कुर्ली हातात घेतली. पहिला डेंगा तोडायला गेली. तुटला नाही. पदरात धरून पिळला. तुटला नाही. मी नारळ खवत राहिले. मान वर करायचं धाडस झालं नाही. खिडकीतून खालच्या शाळेतल्या पोरांचा गलका येत होता. मग तिने कुर्ल्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. माझ्या समोरचा नारळ स्वतःकडे ओढला.

मी कुर्ल्या साफ केल्या. बारीक पाय वेगळे काढले, मिक्सरला लावले, पाणी घातलं, फडक्यात बांधून पिळले. ती माझ्या मागे येरझाऱ्या घालत होती, ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. “अजून पिळ. चोथा कोरडा होईपर्यंत पिळ. आता सोड. एकदम नको, हळू.” रस वाटणात पडला आणि तो वास उठला. कितीतरी वर्षांपूर्वी मी कागदात गुंडाळून मांजरांना दिला होता तो. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीने, असं मी तिला सांगितलं. तिने मिरचीचा डबा बंद असल्याचं बघितलं आणि तो फळीवर ठेवून दिला.

मी तिला वाटीत रस्सा दिला. तिने तो उभ्याने तोंडाला लावला. डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच राहिली; सासऱ्यांच्या त्या भुरक्यानंतर मी इतकी कधी घाबरले नव्हते. मग तिने पायाने स्टूल ओढलं, त्यावर टेकली, दुसऱ्या हाताने गुडघे दाबले आणि म्हणाली,

“मीठ कमी पडला. फुडच्या अवसेक पण तूच कर. मी बसतंय.”